दप्तर झालं, आता दात

वह्या, बूट, पाण्याची बाटली सगळं झालं, म्हणून आज लेकीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. कीड नाही! पण मागे एक नवी दाढ डोकावतेय. ही साधारण 6व्या वर्षी येते, तीही एकही दुधाचा दात न पडता, सगळ्यात मागे, गुपचूप. म्हणून बरेच पालक तिला दुधाचीच समजतात. प्रत्यक्षात ती कायमची. तिच्या खोल खाचांत ब्रश नीट पोचत नाही. दाढ पूर्ण वर आली की त्या खाचा सीलंट लावून बुजवता येतात. त्याला भूलही लागत नाही.

गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त बाधतं. म्हणजे शाळेच्या बाटलीतून दिवसभर घोट घोट ज्यूस नको. फक्त पाणी.

रात्री मटाराएवढी फ्लोराइडची पेस्ट, 2 मिनिटं ब्रश, मग थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. (हे बाईसाहेबांना अजिबात पटलेलं नाही.) आणि 7-8 वर्षांची होईपर्यंत शेवटचा हात आपणच फिरवायचा. तेवढा वेळ तिला एका जागी उभं करायची युक्ती कुणाकडे असेल तर सांगा.