अकोल्याचा मे महिना आणि उणे ११० मिलीव्होल्ट

"ताई, हे पाय ना, तापानं फणफणलं हे!" धाकट्याने डब्ल्यूच्या कीवरून बोट झटकन उचललं आणि मला हाक मारली. मी हात लावून बघितला. कीबोर्डच्या वरच्या बाजूला, जिथे खाली प्रोसेसर असतो तिथे, हात ठेववत नव्हता. बाहेर ४५ अंश, कूलर चालू असूनही खोलीत ३६. त्याची सीईटी नुकतीच संपली होती, त्यामुळे संध्याकाळचा लॅपटॉप त्याचा. दिवसा त्याच लॅपटॉपवर मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, आणि मे म्हणजे ऐन हंगाम. हा लॅपटॉप बसला तर तीन घरांची लग्नं माझ्याकडे अडकतात. म्हणून त्या रात्री मी सगळं बाजूला ठेवून लॅपटॉप गार कसा राहील याच्याच मागे लागले.

लॅपटॉप २०१९ चा. इंटेलचा आय-सेव्हन ९७५०एच, सोबत जीटीएक्स १६६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. हा प्रोसेसर मूळ २.६ गिगाहर्ट्झचा आणि टर्बोमध्ये, म्हणजे जड काम आलं की, ४.५ पर्यंत उडी मारतो. १०० अंश ही त्याची कमाल मर्यादा. ती जवळ आली की तो स्वतःला वाचवायला वेग पाडतो, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. गेममध्ये ते लगेच कळतं: गाडी सरळ चाललेली असते आणि मधेच चित्र अडखळतं, पुन्हा सुरळीत, पुन्हा अडखळतं. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून बघितलं तर ९८ अंश, आणि थ्रॉटलिंगच्या ओळीत लाल अक्षरात 'येस'.

बाबा निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्राचे. त्यांना गेमशी देणंघेणं नाही, पण आकडे दिसले की ते येऊन बसतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीचं तापमान लिहिलं का?" मी लिहिलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरचा थर्मामीटर आणून टेबलावर ठेवला आणि एक जुनी वही दिली. एका वेळी एकच बदल, अर्धा तास तोच गेम, मग नोंद. त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले. इंटरनेटवर थंड देशातला माणूस २० अंशांच्या खोलीत बसून ८२ दाखवतो आणि आपण घाबरतो. माझ्याकडे ९८ वजा ३६, म्हणजे ६२ चा फरक. त्याच्याकडेही ६२ चाच. लॅपटॉप तोच, खोली वेगळी. तेव्हापासून मी दोन्ही आकडे लिहिते.

पहिला बदल सगळ्यात सोपा: फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, लगाम. स्क्रीन १४४ हर्ट्झची म्हणून धाकट्याचा गेम, जीटीए ५, मिळेल तितक्या फ्रेम्स ओढत होता. ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ६० केला. ९८ चे ९१ झाले. गेमच्या मेनूत पंखे ओरडायचे तेही थांबलं, कारण मेनूचं एक स्थिर चित्र लॅपटॉप सेकंदाला शेकडो वेळा काढत बसायचा. काहीच बिघडायचा धोका नाही, म्हणून कुणीही विचारलं तर मी सुरुवात इथूनच करायला सांगते.

दुसरा बदल विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये. प्रोसेसरची कमाल पातळी १०० टक्क्यांवरून ९९ केली. एक टक्काच कमी केला असं वाटतं, पण त्याने टर्बो पूर्ण बंद होतो आणि प्रोसेसर २.६ वर थांबतो. तापमान थेट ७४. धाकटा खूश, त्याला फरकच जाणवला नाही. माझं मात्र अडलं. जे गाणं १४ मिनिटांत एक्सपोर्ट व्हायचं, म्हणजे त्याची तयार फाईल निघायची, त्याला १९ लागली. दिवसाला दहा-बारा फायली काढायच्या तर हे परवडत नाही.

मग अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला जाणारं व्होल्टेज कमी करणं. याची मला भीती होती. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: वेग तोच ठेवला तर चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.१० व्होल्टचे ०.९९ केले तर व्होल्टेज १० टक्के कमी, पण वीज १९ टक्के कमी. आणि जितकी वीज कमी तितकी उष्णता कमी. कारखान्यातून निघताना प्रत्येक चिपला थोडं जास्तीचं व्होल्टेज दिलेलं असतं, म्हणजे त्यातली कमजोर चिपही नीट चालावी. आपल्या चिपला ते जास्तीचं किती, हे ज्याचं त्याने शोधायचं.

त्यासाठीचं थ्रॉटलस्टॉप सॉफ्टवेअर उघडलं. त्यातल्या व्होल्टेजच्या, एफआयव्हीआर नावाच्या खिडकीत कोअर आणि कॅश या प्रोसेसरच्या दोन्ही भागांना सारखाच आकडा दिला. उणे ५० मिलीव्होल्ट. मग ८०, मग १००. दर पायरीला त्यातलीच टीएस बेंच चाचणी, एकही चूक आली नाही तरच पुढे. या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती खालची एक छोटी निवड: व्होल्टेज सेव्ह न करता ओके. ती ठेवली की लॅपटॉप बंद पडला तरी पुन्हा चालू केल्यावर सगळं मूळ जागी येतं. उणे १३० ला विंडोज कोसळून निळी स्क्रीन आली. पोटात गोळा आला, पण लॅपटॉप दोन मिनिटांत पूर्वीसारखा उभा. १२० ला गेम चालला, चाचणी पास झाली, आणि दुसऱ्या दिवशी नुसतं ब्राउझर उघडं असताना गोठला. हलक्या कामात एखादाच कोअर उंच वेगावर जातो, कमी व्होल्टेज तिथे उघडं पडतं. म्हणून फक्त जड चाचणीवर विसंबू नका. मी ११० वर आले, आठ दिवस एडिटिंग, मेल, गेम सगळं केलं, आणि मगच सेव्ह करून सुरुवातीलाच लागू होईल असं ठेवलं. चाचणीच्या दिवसांत प्रोजेक्टची प्रत पेन ड्राइव्हवर होती, ते विसरू नका. आणि आकड्यापुढचं उणे दोनदा बघा. अधिक पडलं तर चिपला जास्त व्होल्टेज जातं.

आता टर्बो चालू, फ्रेम ६०, उणे ११०. खोली ३५, प्रोसेसर ८३. फरक ६२ वरून ४८ वर आला. आणि एक्सपोर्ट साडेबारा मिनिटांत! आधी थ्रॉटलिंगमध्ये जो वेग वाया जात होता तो परत मिळाला.

ग्राफिक्स कार्डाचंही एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या व्होल्टेज-वेगाच्या कर्व्हमध्ये तसंच केलं, तापमान ८७ चे ७६. उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या प्रोसेसर आणि कार्ड दोघांत सामाईक आहेत, त्यामुळे एकाला गार केलं की दुसऱ्यालाही आराम पडतो.

सगळ्यांना हे जमेल असं नाही. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज बदलण्याच्या सोयीतून निघालेली सुरक्षेतली फट जाहीर झाली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायॉसमधून, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ प्रणालीतून, व्होल्टेजची वाट बंद केली. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग चालू असेल तरीही आकडा लागू होत नाही. तेवढ्यासाठी ती बंद करू नका, जुना बायॉसही टाकत बसू नका. त्याऐवजी पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने ओढायच्या विजेची मर्यादा, उतरवून बघा, ४५ वॅटचे ३५. तेही कुलूपबंद असेल तर ६० फ्रेम्स आणि ९९ टक्के आहेतच. आणि थ्रॉटलस्टॉपमधली बीडी प्रॉचॉटची खूण काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाकीचे भाग तापले की प्रोसेसरला हळू व्हायला सांगणारा निरोप त्या वाटेने येतो.

नुसता डेस्कटॉप उघडा असतानाच तापमान चढलेलं असेल, आणि मागे कुठलं काम चालू नसेल, तर सॉफ्टवेअर फारसं काही करू शकत नाही. तिथे बहुतेकदा धूळ असते. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याबरोबर वाळ्याची कुसळंही उडतात, म्हणून लॅपटॉप त्या झोतात मी ठेवत नाही. रविवारी मागचं झाकण उघडून पंखे साफ करायचे आहेत. त्याआधीचे आकडे आज रात्री वहीत उतरवून ठेवते, खोलीच्या तापमानासकट.