कुठे आहात, हज्जे?

नर्सिंगला असताना आमच्या ट्यूटर सिस्टरनी तीन प्रश्न पाठच करून घेतले होते. पेशंट भानावर आहे की नाही ते बघायचं असेल तर विचारायचं : नाव काय? आत्ता कुठे आहात? आज वार कोणता? सातारा आणि मिरजेत मिळून अकरा वर्षं मी हे प्रश्न इतक्या जणांना विचारले की ते तोंडातून आपोआप बाहेर पडायचे. ८ जानेवारी २०१९ ला बैरुतमध्ये त्यातला दुसरा प्रश्न विचारला आणि आलेल्या उत्तराचं काय करायचं ते मला कळेना.

मी तेव्हा एका वैद्यकीय मदत संस्थेकडून बुर्ज अल-बराजनेमध्ये होते. बैरुतच्या दक्षिणेला, विमानतळाच्या रस्त्यालगत असलेली ही पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी. काम घरोघर जाऊन करायचं. मधुमेह, रक्तदाब, अंथरुणाला खिळलेली माणसं. ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येत नाही त्यांच्याकडे आपणच जायचं. सोबत एक दुभाषी मुलगी असायची. ती छावणीतच जन्मलेली, तिची आईसुद्धा छावणीतच जन्मलेली.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबू येतात. मीही तेच चित्र मनात घेऊन गेले होते. तंबू होते, पण ते १९४८ साली, रेड क्रॉसच्या संघटनेने उत्तर पॅलेस्टाईनमधून आलेल्या लोकांसाठी ही जागा उभी केली तेव्हा. मग पत्र्याच्या खोल्या झाल्या. १९६९ पर्यंत पक्कं छत घालायला मनाई होती. त्या वर्षीच्या कैरो करारानंतर छावणीचा कारभार पॅलेस्टिनींच्या हातात आला आणि सिमेंट चढू लागलं. छावणीची हद्द मात्र वाढली नाही. बाहेर घर घ्यावं तर २००१ च्या कायद्याने लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनींना स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. मग मुलगा लग्नाचा झाला की बापाच्या डोक्यावर एक मजला, नातू मोठा झाला की त्याच्यावर आणखी एक. खाली राहते ती गल्ली. तिला तिथे झारूब म्हणतात. काही झारूब इतके अरुंद, की समोरून बाई पिशव्या घेऊन आली तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं आणि त्याच तारांमधून गेलेले पाण्याचे पाइप, ठिबकणारे. दर हिवाळ्यात विजेच्या धक्क्याने कोणी ना कोणी गेल्याचं ऐकू येतं. घराघरात त्याचीच भीती.

त्या आठवड्यात लेबनॉनवर ‘नॉर्मा’ नावाचं वादळ आलं होतं. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. मंगळवार होता. खरं तर त्या दिवशी भेटी रद्द करायच्या असं ठरत होतं, पण माझ्या यादीत एक ड्रेसिंग होतं जे टाळायची माझी तयारी नव्हती.

तिला सगळे हज्जेच म्हणत, तिथे वयस्क बाईला मानाने अशी हाक मारतात, म्हणून मीही तेच म्हणते. वय ७८. पंचवीस वर्षांचा मधुमेह, डाव्या पायाच्या दोन बोटांना जखम. राहायची चौथ्या मजल्यावर. एवढ्या वयाच्या बाईला इतक्या वर का ठेवलंय, असं पहिल्या भेटीत मी जरा रागानेच विचारलं होतं. सून म्हणाली, खालची खोली सीरियन कुटुंबाला भाड्याने दिलीय, त्या भाड्यावर औषधं येतात. २०१७ च्या गणनेत या छावणीत राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे सीरियन निघाले होते. सून स्वतः दमास्कसच्या यारमुक छावणीतली. तीही पॅलेस्टिनी, तिथल्या युद्धातून पळून इथे आलेली. निर्वासिताने निर्वासिताला खोली भाड्याने द्यायची, अशी ती सगळी व्यवस्था. नंतर मी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

दार उघडलं तेव्हाच वास आला. जिने रोज मधुमेहाचे पाय बघितलेत तिला तो वास सांगावा लागत नाही. पट्टी सोडली तर तिसरं बोटही काळं पडलेलं आणि लाली घोट्याच्या वर चढलेली. ताप ३९.२. रक्तदाब ९० वर ५०. ग्लुकोमीटरने आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘हाय’, म्हणजे साखर त्याला मोजता येणार नाही इतकी वर. हज्जेचे डोळे अर्धे मिटलेले होते.

दुभाषीला म्हटलं, विचार, नाव काय? हज्जेने नाव सांगितलं, बापाचं, आजोबाचंही सांगितलं. आत्ता कुठे आहात?

“कुवेकात,” हज्जे म्हणाली.

मी फॉर्मवर लिहायला लागले : स्थळाचं भान नाही. दुभाषीने माझ्या हाताला धरलं. “लिहू नका,” ती म्हणाली. “तुम्ही मला विचारलंत तर मीही तरशिहाच म्हणेन.”

कुवेकात हे अक्का शहराच्या ईशान्येला असलेलं गाव. होतं, म्हणायला हवं. जुलै १९४८ मध्ये रात्री तोफा झाल्या आणि गाव रिकामं झालं. त्या जागी आता इस्रायली किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वसाहत, आहे. हज्जे तेव्हा सात-आठ वर्षांची. या छावणीच्या वस्त्याच मुळात गावांप्रमाणे बसल्या. कुवेकातवाले एकीकडे, तरशिहावाले दुसरीकडे, काब्रीवाले आणखी कुठे. सत्तर वर्षांनी तिथल्या शाळकरी पोराला ‘कुठला रे तू?’ म्हटलं की तो न बघितलेल्या गावाचं नाव घेतो. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, जिला सगळे उन्रवा म्हणतात, १९५० पासून तिथे काम करते. तिच्या नोंदीतही कुटुंबाचं मूळ गाव असतं.

मला हे परकं वाटायला नको होतं. माझी आजी कोयनेच्या धरणात गेलेल्या गावची. पुनर्वसनाच्या गावात पन्नास वर्षं काढली, पण बाजारात कोणी विचारलं की पाण्याखालचंच नाव सांगायची. तरी आजी उन्हाळ्यात पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन बसू शकायची. हज्जेला तेवढंही नाही. बैरुत ते अक्का हे अंतर साताऱ्याहून पुण्याला जावं तेवढंच, पण मध्ये जी सीमा आहे ती तिने पुन्हा ओलांडलेली नाही.

पण त्या क्षणी माझी अडचण भावनेची नव्हती. ही बाई शुद्धीत आहे की जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत परिणाम करू लागलाय, हे मला कळायला हवं होतं आणि नेहमीचा प्रश्न इथे कामाचा नव्हता. मग विचारलं, सकाळी चहा कोणी दिला? हज्जे म्हणाली, आईने. सून दारात उभी होती, तिच्या हातात मरमियेच्या, म्हणजे सेज नावाच्या सुगंधी पानांच्या, चहाचा तोच पेला होता. वार विचारला तर हज्जे गप्प झाली. आता उत्तर मिळालं होतं. सलाईन लावलं आणि १४० ला, लेबनीज रेड क्रॉसला, फोन केला. गाडी छावणीच्या तोंडाशी, विमानतळ रस्त्याच्या बाजूला येईल म्हणाले. आत येणं शक्यच नाही.

चौथ्या मजल्यावरून हज्जेला तिथवर न्यायचं कसं? तो जिना मी रोज चढायचे, पण स्ट्रेचरच्या नजरेने कधी पाहिला नव्हता. स्ट्रेचर वळणावर वळणार नाही. हज्जेचा थोरला नातू धावत वर आला. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा. पॅलेस्टिनींना लेबनॉनमध्ये इंजिनिअर म्हणून काम करता येत नाही, म्हणून छावणीत वायरिंग करतो. त्याने जिना एकदा वरून पाहिला, हातानेच माप घेतलं आणि म्हणाला, खुर्ची. स्वयंपाकघरातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची. हात असलेली नको, बिनहाताची. तिच्यावर हज्जेला बसवून दोन ओढण्यांनी बांधलं, पाय वर धरायला मी. सलाईनची बाटली सुनेच्या हातात, वर धरलेली.

त्याने दुसरी गोष्ट केली ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. खाली झारूबमध्ये घोटाभर पाणी होतं आणि वाऱ्याने एक तार खाली आली होती. त्याने गॅलरीतून ओरडून कोणाला तरी त्या भागाची वीज बंद करायला सांगितलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग सगळ्या खिडक्या एकदम काळ्या झाल्या. कोणीही कटकट केली नाही. उलट एकेका खिडकीतून मोबाइलचा उजेड खाली पडू लागला. आम्ही उतरेपर्यंत गल्लीच्या दोन्ही अंगांनी दिवे धरलेले होते.

जवळचा रस्ता सोडून ते लांबच्या रस्त्याने निघाले. मी घाबरून विचारलं, इकडून का? दुभाषी हळू आवाजात म्हणाली, मयत याच वाटेने नेतात, हीच तेवढी रुंद आहे.

चार जणांनी खुर्ची धरली होती. श्वय श्वय, श्वय श्वय, म्हणजे हळूहळू, असं एकमेकांना सांगत चालले होते. वाटेत खांदेकरी बदलत होते. हज्जेने मध्येच डोळे उघडले, पुढच्या पोराच्या मानेकडे बघितलं आणि विचारलं, “इब्न मीन इन्ते?” कोणाचा रे तू? त्याने न थांबता आजोबाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, काब्री. दुसऱ्याला विचारलं. त्याने सांगितलं, कुवेकात, तुमच्याच घराच्या वरच्या अंगाला. तिसरा पोरगा त्यांच्याच तळमजल्यावरच्या सीरियन कुटुंबातला होता. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “हज्जे, मी खालच्या खोलीतला.” तिने मान हलवली, जणू तेही एक गावच.

ज्या तोंडाशी गाडी उभी होती तिथे आल्यावर सुनेने मला सांगितलं. लेबनॉनच्या यादवी युद्धात, १९८६-८७ मध्ये, छावणीला वेढा पडला आणि आत खायला उरलं नव्हतं, तेव्हा बायका पीठ आणायला बाहेर पडायच्या आणि बाहेरून नेमबाज टिपायचे. हज्जे तेव्हा पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन याच बाजूने आत आली होती. हे तिने दारात, पावसात, बाटली वर धरलेल्या हाताने सांगितलं.

इस्पितळाचं फार लिहीत नाही. भरती करण्याआधी आगाऊ रक्कम मागितली. उन्रवा खर्चाचा काही भाग उचलते, त्यासाठी तिचं पत्र, तहवील, लागतं. ते मिळेपर्यंत पेशंट कॉरिडॉरमध्ये. आदल्या ऑगस्टमध्येच अमेरिकेने उन्रवाची मदत बंद केल्याचं जाहीर केलं होतं, त्यामुळे पत्र मिळेल की नाही याचीच धास्ती प्रत्येक घरात होती. नातू फोनवर होता. तासाभरात छावणीतून पैसे आले, चुरगळलेल्या नोटांची गड्डी, कोणी किती दिले याची चिठ्ठी नव्हती. मला त्या कॉरिडॉरचा संताप आला होता, तो अजून गेलेला नाही. जंतुसंसर्गात पहिला तास किती मोलाचा असतो हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तीन बोटं गेली, पाय वाचला. हज्जे दोन आठवड्यांनी घरी आली, त्याच खुर्चीवर. पण वर नेली नाही. सीरियन भाडेकरू स्वतः येऊन म्हणाला होता, आम्ही चौथ्यावर जातो, आमचे गुडघे चांगले आहेत. त्यांनी एका दुपारी बिऱ्हाडं बदलली. खोली दमट आहे, दिवसाही दिवा लागतो. जिना मात्र नाही.

पहिल्या ड्रेसिंगला गेले तर सुनेने नेहमीसारखा मरमियेचा चहा ठेवला, विकतच्या पाण्याचा, कारण नळाला खारट पाणी येतं. मी हज्जेच्या शेजारी खाली बसले. नाव विचारलं, तिने सांगितलं. वार विचारला, गुरुवार म्हणाली, तो बरोबर होता. दुसरा प्रश्न मी बदलला होता.

“हज्जे, आपण कितव्या मजल्यावर आहोत?”

“अर्दी,” ती म्हणाली आणि सुनेकडे बघून हसली. दुभाषीही हसली. तळमजल्याला अर्दी म्हणतात आणि ‘माझी जमीन’ यालाही अर्दीच म्हणतात, तिने मला समजावलं. यातलं कोणतं, असं मी हज्जेला विचारलं नाही. ‘स्थळाचं भान आहे’ या रकान्यात खूण केली आणि पट्टी सोडायला घेतली.