तुम्ही विचारलंत म्हणून: लंकेत फोटोला कुठे जायचं?

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक फोटो लावलाय. खाली धुकं, लांबवर निळ्या डोंगरांच्या रांगा आणि त्या सगळ्यावर पडलेला एक काळसर त्रिकोण, पट्टी लावून आखल्यासारखा. घरी आलेला माणूस पाणी पिता पिता विचारतोच, ‘हा कुठला डोंगर?’ डोंगर नव्हे, डोंगराची सावली, श्रीलंकेतली, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘आम्हीही जायचं म्हणतोय. फोटोला चांगल्या जागा कुठल्या?’ गेल्या महिन्यात पुतणीचाही फोन आला. ‘काकू, आठ दिवस आहेत. पाच स्पॉट सांग.’ तिला फोनवर सांगून पुरं झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी तीनदा जाऊन आलेय. जागांची नावं काय, कुठल्याही टूरच्या पत्रकात मिळतात. तीन खेपांत मला कळलं ते एवढंच, की ज्याचा फोटो हवा त्याच्यावर चढून तो मिळत नाही. उभं कुठे राहायचं आणि किती वाजता, हे विचारायचं.

सिगिरियाचंच घ्या. सपाट रानातून एकदम वर आलेला, जवळजवळ 200 मीटर उंचीचा एकच एक कातळ. पाचव्या शतकात काश्यप राजाने बापाला मारून गादी घेतली आणि भाऊ सूड घ्यायला येईल या धाकाने कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. लोक बाराशे पायऱ्या चढून वर जातात आणि त्यांच्या फोटोत कातळ सोडून बाकी सगळं येतं. कातळ हवा असेल तर उत्तरेला किलोमीटरभरावर पिदुरंगल नावाचा दुसरा कातळ आहे, तो चढायचा. वाट विहारातून जाते, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वर जाताना विटांनी घडवलेला, निजलेला बुद्ध लागतो. शेवटच्या टप्प्यात धोंड्यांमधून हात टेकत अंग वर ओढून घ्यावं लागतं. गडकिल्ल्यांची सवय असलेल्याला काही अवघड नाही, पण हात मोकळे हवेत आणि चपला नकोत.

आम्ही अंधारातच वर पोचलो होतो. समोर दक्षिणेला सिगिरिया, म्हणजे सूर्य डाव्या हाताला. कातळाची डावी कड आधी तांबूस झाली, मग पोटावरच्या रेघा एकेक करून उजळत गेल्या आणि उजवी बाजू तोवर निळीच होती. जे काय आहे ते त्या दहा-पंधरा मिनिटांत. संध्याकाळी हेच उलट्या बाजूने होतं. भर दुपारी तोच कातळ पुठ्ठा कापून उभा केल्यासारखा सपाट दिसतो. मी पहिल्या खेपेला दुपारीच गेले होते.

मग सिगिरिया चढायचाच नाही का? जरूर चढा, पण डोळ्यांनी बघायला. अर्ध्या वाटेवर गोल लोखंडी जिन्याने वर गेलं की कातळाच्या कपारीत रंगवलेल्या स्त्रिया आहेत. हातात फुलं, अंगावर दागिने, दीड हजार वर्षं झाली तरी गालांचा रंग टिकलेला. तिथे फोटोला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्याच वाटेवर एक गुळगुळीत गिलाव्याची भिंत लागते, तिला आरसा-भिंत म्हणतात. जुन्या काळी बघायला आलेल्या लोकांनी त्या स्त्रियांवरच्या कविता तिच्यावर कोरून ठेवल्या आहेत. सेनरत परणविताना या पुरातत्त्वज्ञांनी त्यातल्या 685 कविता उलगडून 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. हजार-बाराशे वर्षांपूर्वी माणसं इथवर चढून आली, त्या चित्रांसमोर थांबली आणि काय वाटलं ते लिहून गेली. मोबाइल पर्समध्ये ठेवून त्या भिंतीशी उभं राहा. माझ्या तिन्ही खेपांत तिथल्याइतकं निवांत असं मला कुठेच वाटलं नाही.

आता आगगाडी. कँडीहून एल्लाकडे जाणारी निळी गाडी सगळ्यांना हवी असते. बरोबरच आहे. चहाचे मळे, धबधबे, बोगदे, आपल्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण येते. रुळांची रुंदीसुद्धा आपल्याइतकीच. पण नऊ कमानींचा पूल, ज्याचा फोटो सगळीकडे बघतो, तो गाडीत बसून दिसत नाही. एल्लाला उतरायचं आणि रानातल्या पायवाटेने पुलाच्या वरच्या चहाच्या उतारावर जाऊन थांबायचं. 1921 साली बांधलेला हा पूल दगड, वीट आणि सिमेंटचा आहे, पोलाद नाही. 24 मीटर उंच, आणि वळणावर आहे म्हणून सगळ्या कमानी एका फोटोत मावतात. गाड्या दिवसातून मोजक्याच, त्यातही उशिरा येतात, तेव्हा एल्ला स्टेशनात विचारूनच निघा. आणि आधी सगळी लाइन चालू आहे ना याचीही खात्री करा, पावसात दरडी कोसळून ती बंद पडते.

गाडीच्या दारातून बाहेर लोंबकळून फोटो काढू नका, हे मी हात जोडून सांगते. बोगद्याची भिंत आणि झाडं डब्याला अगदी खेटून असतात, आणि तिथे माणसं गेली आहेत. एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. सेकंड किंवा थर्ड क्लासचं तिकीट काढलंत की उघड्या खिडकीतून सगळं मिळतं.

हॉलमधला तो फोटो श्रीपाद या डोंगरावरचा. इंग्रज त्याला आदमचं शिखर म्हणत. उंची 2243 मीटर. माथ्यावर खडकात पाऊल उमटलंय. बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शिवाचं, मुसलमान आणि ख्रिस्ती म्हणतात आदमचं, आणि सगळे एकाच पायऱ्यांनी वर जातात. सिंहलीत त्याला समनळ कंद, म्हणजे फुलपाखरांचा डोंगर, असंही नाव आहे. यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि मेमधल्या वैशाखी पौर्णिमेला संपते. तेवढे महिने पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिवे लावलेले असतात. पायथ्याच्या नल्लतण्णी गावाहून रात्री दोनला निघालो तेव्हा दिव्यांची माळ आभाळात शिरलेली दिसत होती. वरचे दिवे कुठले आणि चांदण्या कुठल्या, ओळखू येईना. साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. वाटेत चहाच्या टपऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया, नातवाचा हात धरून एकेक पायरी चढणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या आज्या. आपल्याकडे वारीत असतो तसाच धीर त्यांच्या चालण्यात होता.

माथ्यावर जागा जेमतेम. थंडी कडाक्याची. साडेसहाच्या सुमारास सूर्य वर आला तसे ढोल वाजू लागले आणि सगळ्या गर्दीने पूर्वेकडे हात जोडले. मीही तिकडेच कॅमेरा धरला होता. तेवढ्यात शेजारच्या एका आजोबांनी माझी बाही हलकेच ओढली आणि मागे बोट दाखवलं. वळून बघते तर पश्चिमेला, खालच्या दऱ्यांवर, धुक्यावर, थेट क्षितिजापर्यंत तो त्रिकोण. आपण ज्यावर उभे आहोत त्याच डोंगराची सावली. कड इतकी सरळ की निसर्गात अशी रेघ असते यावर विश्वास बसेना. नंतर वाचून कळलं की उंच डोंगर कसाही वेडावाकडा असला तरी माथ्यावरून त्याची सावली टोकदारच दिसते. सावली मैलोन्‌मैल लांब पसरते आणि लांब गेलेले रूळ डोळ्याला जुळत गेल्यासारखे वाटतात, तशा तिच्या कडा जुळत जातात. बघता बघता ती आखडायला लागली, पायथ्याकडे सरकली, आणि वीस मिनिटांत संपली. आजोबांनी मग माथ्यावरची घंटा वाजवली. जितक्यांदा यात्रा केली तितके ठोके द्यायचे असतात. मी मोजत होते, 19 झाले. मग मी माझा एक दिला.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर श्रीपाद हेच आहे. एकच जागा बघायला मिळणार असेल तर ती. आणि सूर्य उगवला की पाठ फिरवा.

माणसांच्या फोटोंबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय. दक्षिण किनाऱ्यावर कोग्गल, वेलिगमच्या बाजूला समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकणाऱ्या कोळ्यांचा फोटो सगळ्यांना हवा असतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. 2004 च्या त्सुनामीनंतर ती खूपच कमी झाली. आज काठीवर बसलेला माणूस बहुतेक वेळा फोटोसाठी बसलेला असतो आणि किनाऱ्यावर पैसे घेणारा वेगळा असतो. पैसे द्यायला माझी हरकत नाही, त्या कुटुंबाचं पोट त्यावर चालतं. पण ते मासेमारीचं चित्र आहे असं समजून कुणाला दाखवू नका. मी एक फोटो काढला होता, तो मला लावावासा वाटला नाही.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं तिथे अपमान समजतात. 2012 मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढले म्हणून तीन फ्रेंच पर्यटकांना तिथल्या कोर्टाने शिक्षा सुनावली होती, पुढे ती स्थगित ठेवली. कायद्याचं राहू द्या, आपल्या देवघरापुढे कुणी असं उभं राहिलं तर कसं वाटेल, तेवढंच बघा.

पुतणीला तारखा विचारल्या, जानेवारी म्हणाली. उत्तम. तेव्हा दक्षिण आणि पश्चिम किनारा कोरडा असतो, गॉलच्या किल्ल्याच्या तटावरून सूर्यास्त मिळतो आणि श्रीपादची यात्राही चालू असते. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र पूर्वेला त्रिंकोमाली धरावं, कारण त्या देशाला दोन पावसाळे आहेत, नैऋत्येचा आणि ईशान्येचा, आणि दोन किनारे पाळीपाळीने भिजतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर मिन्नेरियाचा तलाव. पाणी आटून तळाला कोवळं गवत येतं आणि आसपासच्या रानांतले हत्ती शेकड्यांनी तिथे उतरतात.

जानेवारी ऐकल्यावर तिला एक काम सांगितलं. श्रीपादहून मस्केलियाच्या रस्त्याने परतताना चहा खुडणारी एक बाई भेटली होती. कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी दक्षिण भारतातून आणलेल्या तमिळ मजुरांपैकी तिचे पणजोबा. फोटो काढू का, म्हणून मी खुणेने विचारलं, तर तिने कपाळावरून पाठीला अडकवलेली टोपली उतरवून ठेवली, झऱ्यावर हात धुतले, धुऊनही बोटांची काळी कड गेली नाही तेव्हा हात पदराखाली घेतले, आणि नातीला पुढे घेऊन ताठ उभी राहिली. फोटो पाठवते असं कबूल केलं होतं, आणि पत्ता लिहिलेला कागद पावसात भिजून गेला. मळ्यातल्या लाइनीचं, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगेचं, देऊळ आणि त्यासमोरचा नळ मला नीट आठवतो. फोटो मोठा करून, पुठ्ठा लावून ठेवलाय. नात आता बारा-तेरा वर्षांची असेल. पुतणीच्या बॅगेत तो आडवा मावत नव्हता, म्हणून तिने बॅग बदलली.