सरासरी कुणाच्या शेतात पडते?

‘रेडिओवर सांगतात पाऊस सरासरीइतका झाला, मग आमची बाजरी का करपली?’ माणदेशात पर्जन्यमापकाची नोंद ठेवायला लागल्यापासून दर श्रावणात हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

रेडिओवरचा आकडा खोटा नसतो, तो अख्ख्या देशाचा असतो. जून ते सप्टेंबर 87 सेंटिमीटर ही देशाची सरासरी. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की हंगाम ‘सर्वसाधारण’. देशात धान्य किती पिकेल याचा अदमास बांधायला तो लागतोच. त्याखाली हवामान खात्याचा मध्य महाराष्ट्र उपविभाग. त्यात महाबळेश्वरही बसतं आणि सांगोलाही. मग सातारा जिल्हा, आणि इथे माझा जीव तुटतो. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. पूर्वेला आमचा माण, पाचशेच्या आसपास. सह्याद्री चढताना ढग रिते होतात, आमच्याकडे उतरतो तो कोरडा वारा. या दोघांची सरासरी काढली की जो पाऊस येतो, तो ना तिकडे पडलेला असतो ना इकडे.

म्हणून महसूल मंडळाचा आकडा मला जवळचा वाटतो. पण मंडळातही बरीच गावं असतात, आणि वळवाचा पाऊस शिव बघून पडत नाही. ओढ्याच्या अलीकडे चिखल, पलीकडे फुफाटा, हे मी कितीदा पाहिलंय.

सकाळी साडेआठला मी मोजपात्र डोळ्यासमोर धरतो, पाण्याची रेघ वाचतो, वहीत लिहितो. एक मिलिमीटर म्हणजे एकरात चार हजार लिटर पाणी. अडीच मिलिमीटर झाला तर तो ‘पावसाचा दिवस’. पण साठ मिलिमीटर दोन तासांत कोसळला की मातीसकट ओढ्याला जातो; तोच सहा दिवस रिपरिपला तर बाजरी हसते. महिन्याच्या बेरजेत दोन्ही साठच.

परवा शेजारचे तात्या तेच विचारत आले. वही मिटली आणि त्यांच्यासोबत रानात गेलो. त्यांनी कुदळ मारली. वरची चार बोटं माती काळी, ओली. खाली ढेकूळ, हातात घेतलं तर भुगा झाला. तात्या वाकून बघत म्हणाले, “ओल मुळापर्यंत गेलीच नाही की रं.” मी वहीत त्या तारखेपुढे लिहिलं: 14 मिलिमीटर, ओल चार बोटं.