शिट्टीच्या आधी बाहेर

आज दिवसभर प्रशिक्षण होतं. आम्ही फायरमन आणि १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, पायलट (म्हणजे चालक), सगळे एकाच वर्गात.

सकाळी बी.ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा मास्क आणि हवेचा सिलिंडर, पाठीवर घेऊन धुराच्या खोलीत शिरलो. सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाची हवा. कागदावर ती अर्धा-पाऊण तास पुरते, पण जिना चढताना, पाण्याचा होज ओढताना झपाट्याने संपते. सरांनी एकच गोष्ट घोटवून घेतली: कमी हवेची शिट्टी वाजायच्या आधी बाहेर यायचं, आणि बाहेरून "परत फिरा" असा आदेश आला की वाद घालायचा नाही. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. तो विषय निघाला तेव्हा वर्गात कुणी हललंसुद्धा नाही.

दुपारी मनाबद्दल बोलायचं होतं. बराच वेळ सगळे गप्प. मग एक डॉक्टर ताई म्हणाल्या, "लहान मूल हातात गेलं की त्या रात्री घरी स्वतःच्या लेकराला जवळ घेववत नाही."

चौदा वर्षांच्या नोकरीत हे कुणी मोठ्याने बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझी एक वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेला एक कॉल, मी बायकोलाही कधी सांगितलेली नाही. आज चहाच्या वेळी ती त्या ताईंना सांगितली.