वहीत नवा रकाना

खंडेनवमीला आमच्या थोरल्या घरात कुदळ, खुरपं, विळा आणि नांगराचा फाळ यांच्या ओळीत लाल कापडात बांधलेली एक वहीही पूजेला बसते. भावकीची वही, म्हणजे आमच्या कुळाची वंशावळ. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी सोप्यात सभा भरते. चहा होतो, जमाखर्च वाचला जातो आणि कुणीतरी विचारतं, "वहीचं काय केलास गा यंदा?" सात वर्षं हा प्रश्न माझ्याकडं बघून विचारला जातो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बस डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो तेव्हा "ह्याला रजिस्टर लिहायची सवय हाय" एवढ्या पात्रतेवर भावकीच्या मंडळाची चिटणिशी माझ्या गळ्यात पडली.

गेल्या वर्षी मी पाच कामं ठरवली होती. पुरं झालं एकच, सगळ्या घरांचे फोन नंबर. "दीडशे नवी नावं घालायची" हे अर्धंमुर्धं झालं, ११२ घातली आणि सभेत टाळ्याही घेतल्या. त्या टाळ्यांची आता लाज वाटते.

झालं असं. आमच्याकडं मोडीतले दोन कागद आहेत. एक वाटणीपत्र, त्यात आमचा मूळपुरुष मयत आणि त्याची मुलं जमीन वाटून घेतायत. दुसरा शके १७३२ चा, म्हणजे १८१० चा, त्यावर त्याच नावाच्या माणसानं सहीऐवजी नांगराची निशाणी केलीय. वाटणीपत्र वाचून देणाऱ्यानं साल काढून दिलं, १२१५. कुठला सन ते त्यानं लिहिलं नाही, मी विचारलं नाही. मी फसली, म्हणजे महसुली सन धरला, इसवी सनासाठी ५९० मिळवले, १८०५ आलं. आता १८०५ ला मयत असलेला माणूस १८१० ला निशाणी कशी करेल? मी शांतपणे दोन माणसं केली. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहेच, तेव्हा निशाणी करणारा हा नातू. मध्ये त्याचा बाप. वंशावळ दोन पिढ्यांनी लांबली. सभेत सगळे खूश, आपलं घराणं जुनं निघालं म्हणून.

सुगी झाल्यावर हेळवी आला. या भागाबाहेरच्यांसाठी सांगतो, हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या सांगणारे लोक. कानडीत हेळव म्हणजे लंगडा. पूर्वी ते सजवलेल्या बैलावर बसून यायचे आणि दारात बैलावरूनच पिढ्या म्हणायचे. आमचा हेळवी आता मोटारसायकलवर येतो, पण कापडात गुंडाळलेली त्याची चोपडी तशीच आहे. जोंधळे, धोतर आणि वर दक्षिणा घेऊन तो अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठीत वाचू लागला. मी मोठ्या ऐटीत आमची वही उघडून ताडून बघत होतो. तो थांबला. "साहेब, तुमच्याकडं दोन पिढ्या जादा हायत."

मी हसलो. मनात म्हटलं, याला काय कळतंय, माझ्याकडं कागद आहे. तरी रात्री झोप लागेना. कोल्हापूरला मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या एकांना कागदाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. हा शुहूर सन आहे, जुन्या मराठी दप्तरातला अरबी सन, यात ५९९ मिळवायचे. म्हणजे १८१४. म्हातारा १८१० ला जिवंत होता, निशाणी त्याचीच, आणि त्यानंतर चारेक वर्षांत कधीतरी गेला. नऊ वर्षांच्या फरकानं मी दोन माणसं जन्माला घातली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या.

डेपोत लॉगशीट असायची. गाडी सुटली कधी, पोचली कधी, सही कुणाची. सही नसली की ती नोंद मी परत पाठवायचो. तीस वर्षं इतरांच्या सह्या मागितल्या आणि घरच्या वहीत एकाही नावापुढं सही नाही. म्हणून यंदा सभेत मी पहिलं आणि मोठं काम हेच सांगितलं. नुसता आकडा वाढवायला एकही नवं नाव नाही. वहीत एक नवा रकाना, "कुणी सांगितलं". कागद असेल तर कुठला, कुणाच्या पेटीत आहे, कुणी वाचला, सन कुठला. तोंडी असेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. काहीच माहीत नसेल तर रकाना कोरा. "मग वर्षभर काम काय केलास म्हणून दिसणार?" थोरले काका म्हणाले. खरं आहे, दिसणार नाही.

चारशेबारा नावांपैकी आतापर्यंत एकशेसाठांपुढं काहीतरी लिहून झालंय, आणि त्यातली मजा म्हणजे जन्मतारखा. शाळेच्या जनरल रजिस्टरातून उतरवलेल्या. आमच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेत, मीही. मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली ती तारीख. रकान्यात "शाळा" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला समजतं.

दुसरं काम चंदगडकडच्या घरांचं. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात आलं, चंदगड कोल्हापूरला जोडला गेला आणि आमची भावकी दोन राज्यांत वाटली गेली. तिकडं सातबारा, इकडं आरटीसी. आम्ही दोन्हीला उताराच म्हणतो, पण एक मराठीत, एक कानडीत. एकाच माणसाचं नाव दोन्हीकडं दोन तऱ्हेनं लिहिलेलं, त्यामुळं वारसा लावताना नाडकचेरीत, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीत, वंशवृक्षाचा दाखला मागितला की चुलतभाऊ एकमेकांना अनोळखी ठरतात. खरं तर भावकी कुठवर हे कागदापेक्षा सुतकात कळतं. कुणी गेलं की कुठल्या घरांना आधी फोन जातो, कुणाच्या देवघरात दिवा बंद राहतो. तिकडच्या दोन वाड्या अजून आमचं सुतक पाळतात. वहीत मात्र त्यांची शेवटची नोंद माझ्या वडिलांच्या हातची आहे.

तिसरं काम मी सभेत हळू आवाजात सांगितलं. बायकांची नावं. जुन्या कागदांत पुरुष "बिन" असतो, बाई "कोम". अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा; अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. तिचं माहेर कुठलं, बाप कोण, काही नाही. आणि आमच्या मुली लग्न होऊन गेल्या की वहीतून गळाल्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा हक्क देणाऱ्या २००५ च्या कायद्यानंतर तर वहीत मुलीचं नाव घालायचं म्हटलं की काहींचे चेहरे बदलतात. एकानं तोंडावरच विचारलं, "उद्या तीच वही घेऊन कोर्टात गेली तर?" मी म्हटलं, तिचा हक्क वहीनं मिळत नाही की वहीनं जात नाही. त्याला पटलेलं दिसलं नाही. तरी मी सुरुवात स्वतःच्या घरापासून केलीय. आईच्या माहेरच्या तीन पिढ्या लिहिल्या. आजीच्या माहेराला पोचलो आणि अडकलो. गाव माहीत आहे, बापाचं नाव सांगणारं माणूस उरलेलं नाही. रकाना कोरा.

बाकी किरकोळ. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरानंतर वहीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवायची हे दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं. यंदा झेरॉक्स काढून पुण्याच्या पुतण्याकडं दिली, विषय संपला.

त्या दोन जादा पिढ्या मी खोडल्या नाहीत. त्यांच्यावर तिरकी रेघ मारून रकान्यात लिहिलं, "चूक माझी, सन न विचारल्यामुळं. दुरुस्ती हेळव्यानं सांगितली", खाली तारीख आणि सही. पाडव्यानंतर तो परत यायचा आहे. धोतर आणून ठेवलंय. या वेळी त्याच्या चोपडीत आधीच्या पिढ्या कुणी सांगितल्या ते त्यालाच विचारणार आहे.