भाच्याच्या वाळ्यांची प्रगती: एक पाय झाला, एक राहिला

मागे लिहिलं होतं की ताईच्या बाळासाठी वाळे मी स्वतः करणार, बारशाला घालणार वगैरे. बारसं होऊन पाच महिने झाले. बारशाला शेवटी दुकानातले आणले आणि मी कोपऱ्यात उभी राहून पेढे वाटले. आता नवीन तारीख धरलीय, संक्रांतीचं बोरन्हाण, आणि आज लिहितेय कारण एक वाळा खरंच तयार झालाय, ११.८ ग्रॅम, आणि त्यात कुठेही झाळ (जोड चिकटवायला वितळवतात तो मिश्रधातू) नाही. ते कसं जमलं ते पुढे येईलच, आधी काय काय बिघडलं ते.

चांदी आजीची. तिच्या तुटक्या पैंजणांचा डबा होता, एकूण ३८ ग्रॅम. मला वाटलं हीच गाळायची, पणजीची चांदी पणतवाच्या पायात, किती छान. टंच (चांदी किती शुद्ध ते) काढायला गेले तर मशीनवर ७८ टक्के आला. जुन्या पैंजणांत कड्या, घुंगरं सगळं झाळलेलं असतं, ती झाळ पण वजनातच येते. बरं, ७८ ची ९२५ (म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी तांबं) करायची तर ३८ ग्रॅममध्ये शुद्ध चांदी किती घालावी लागेल हा हिशेब मी रिक्षात बसून केला, उत्तर आलं जवळजवळ ७३ ग्रॅम! म्हणजे दुप्पट चांदी विकत घ्या, मग आजीची वापरा. आणि त्यातही जुन्या झाळीत कॅडमियम, हा विषारी धातू, नसेलच याची खात्री कुणी द्यावी. झाळ कमी तापमानाला वितळावी म्हणून कारागीर पूर्वी सर्रास घालायचे, सोन्याचं केडीएम म्हणतात ते हेच. बाळ सगळं तोंडात घालतं, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी तिथेच संपला. ती चांदी मोडीत दिली, गाळण्यातली घट जाऊन बदली २८ ग्रॅम शुद्ध चांदीचे दाणे मिळाले.

आजीला खरं सांगून टाकलं की तुझी चांदी गेली, ही बदली आलीय. मला वाटलं हळहळेल. ती म्हणाली, "अगं चांदीला काय नाव लिहिलेलं असतं? घट किती धरली ते सांग." सांगितली. अजून रोज एकदा ऐकवते की तुला फसवलं.

पहिली जोडी मी शुद्ध चांदीचीच केली, २ मिमी तार. डोक्यात असं की तांबंच नको, म्हणजे काळं पडणं कमी, तापवल्यावर वर डाग नाही, आणि बाळासाठी शुद्ध म्हणजे चांगलंच. दिसायला काय सुंदर झाली होती, दुधासारखी पांढरी. दोन दिवसांत ताईचा फोटो आला, एक वाळा अंड्यासारखा लांबट झालेला आणि दुसऱ्याची तोंडं एकमेकांवर चढलेली. पाच महिन्यांचं पोर दिवसभर टाचा आपटतं हो. नुसती शुद्ध चांदी फारच मऊ, निदान २ मिमीत तरी. ज्यांना करायचीच असेल त्यांनी जाड करा आणि शेवटी लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकून कडक करा, मी तेवढं ठोकलं नव्हतं हेही खरं.

दुसरी जोडी म्हणजे काकूंचा, ताईच्या सासूबाईंचा, हट्ट. "वाळे वाजले नाहीत तर पोर रांगत कुठे गेलं कळायचं कसं?" मुद्दा बरोबर आहे, वाळ्याला घुंगरू त्यासाठीच तर असतो. पण लोंबता घुंगरू मला नको होता. बारीक कडीवर लटकलेला असतो, कडीचं तोंड उघडलं की थेट घशात. मी एकदा कोल्हापूरजवळ हुपरीला गेले होते, तिथे घरोघरी पैंजणाचं काम चालतं, तिथल्या एका बाईंनी घुंगराची कडी हाताने ओढून दाखवली होती, किती ताण दिल्यावर उघडते ते, तेव्हापासून मनात बसलंय. म्हणून म्हटलं पोकळ वाळा करू, आत चांदीचे दाणे, बाहेर काहीच लोंबत नाही, खुळखुळ्यासारखा वाजेल.

कागदावर आयडिया एक नंबर. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा विकत आणला, पट्टी कापली, नळी केली, जंत्रीतून (लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी) ओढली, शिवण झाळली (कॅडमियम नसलेली पेस्ट, लेबल तीनदा वाचून), वाकवताना चपटी होऊ नये म्हणून आत बारीक वाळू ठासली, वाकवली, वाळू काढली, दाणे टाकले आणि दोन्ही तोंडांना टोप्या. टोप्यांना बारीक भोक ठेवलंच पाहिजे नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि झाळ उडते, कधी कधी तर दागिनाच फुटतो. तेही ठेवलं. वाजायलाही लागला, मस्त, हळू आवाज. मग नेहमीसारखं सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्यात टाकला, काळा थर निघायला.

आणि ते ॲसिड भोकातून आत गेलं.

खाण्याच्या सोड्यात उकळला. परत उकळला. धुऊन, पुसून, रात्री टिश्यूवर ठेवला, सकाळी टिश्यूवर एक ओला ठिपका. शेजारच्या मुलीकडून निळा लिटमस आणला, ठिपक्यावर ठेवला, लाल. तिसऱ्यांदा उकळून दोन दिवस उन्हात ठेवला, हलवला तर परत भोकाशी थेंब. मोठ्यांच्या झुमक्यात हे चालून जातं, आतलं पाणी सुकतं आणि कुणाला कळत नाही. पण ज्याचा पाय अर्धा दिवस स्वतःच्याच तोंडात असतो त्याच्या वाळ्यात मी ॲसिड ठेवून देऊ? कापून भंगारात. झाळ लागलेली चांदी आहे म्हणून वेगळ्या डबीत, चांगल्या चांदीत मिसळायची नाही.

त्या रात्री डोक्यात आलं की भानगड सगळी झाळीचीच आहे. झाळ आली की जोड आला, जोड आला की भोक, ॲसिड, कॅडमियम, तुटण्याची भीती. मग झाळ लागणारच नाही असा वाळा करता येतो का? येतो. तार अखंड. तारेची दोन टोकं वितळवून त्याच तारेचे मणी करायचे. आणि आवाजासाठी तारेत तीन मोकळ्या कड्या ओवायच्या, मण्यापेक्षा लहान भोकाच्या, म्हणजे निघणारच नाहीत. कड्या शुद्ध चांदीच्या. शुद्ध चांदीची तोंडं नीट टेकवली आणि ज्योत सगळीकडून सारखी फिरवली की झाळ न लावता आपोआप जुळतात, ९२५ मध्ये हे असं स्वच्छ होत नाही. एक क्षण असा येतो की सगळी कडी आरशासारखी चमकायला लागते, तेव्हा ज्योत जोडावरून फिरवून लगेच काढायची. अर्धा सेकंद उशीर झाला की कडीची गोळी. माझ्या अकरा गोळ्या झाल्या, त्यांच्याच परत कड्या केल्या.

तर तिसरी जोडी. पहिल्या वाळ्यांसकट सगळी शुद्ध चांदी एकत्र, कड्यांपुरती दीड ग्रॅम बाजूला, उरलेल्या २६.५ ग्रॅममध्ये २.१ ग्रॅम तांबं. तांबं विजेच्या वायरचं, वरचं प्लास्टिक सोलून, घासून लख्ख करून. कृपया जाळून सोलू नका. मुशीत सवागी (टाकणखार) टाकून आधी चांदी, मग तांबं. पहिल्यांदा ओतलं तर कांडी ठोकताना कडेला तडकली कारण साचा गारच होता, दुसऱ्यांदा साचा तेलाचा हात लावून चांगला तापवला मग नीट आली. कांडीची ४ मिमी तार करायला ओळखीच्या कारागीर काकांच्या रोलवर (कांडी दाबून बारीक करायचं मशीन) गेले. ते बघत होते, म्हणाले, "ताई, सुट्टीत कुठे फिरायला जायचं सोडून हे?" आणि मग स्वतःच दोन पास फिरवून दिले.

४ वरून ३ मिमीला घरी आणली, जंत्री टेबलाला शिकंज्यात पकडून, तारेला मेण लावून, आणि ओढायला बाबा. बाबांनी टेबलाच्या पायाला पाय लावून ओढलं, टेबल पण आलं थोडं. दर दोन-तीन भोकांनंतर तार तापवून मऊ करायचीच, कंटाळा केला की आत तडा जातो आणि तो शेवटच्या भोकाला दिसतो. तापवताना स्वयंपाकघरातला लाइट बंद करते, अंधारात मंद लाल दिसलं की थांबायचं. उजेडात तो लाल दिसेपर्यंत चांदी वितळायच्या बेतात असते, ९२५ तर ८०० अंशांच्या आसपासच सुटायला लागते.

वाकवायला साचा म्हणून बोहरी आळीतून सव्वा इंची जीआय पाइपचा तुकडा आणला, बाहेरून ४२.४ मिमी, बरोब्बर पाहिजे तेवढा. यावर फक्त थंड वाकवायचं, वर जस्त असतं, चांदी त्यावर ठेवून तापवू नका.

आता मणी. ५ मिमीचा मणी हवा तर ३ मिमी तारेची साडेनऊ-दहा मिमी लांबी त्यात जाते, तेवढी जास्तीची ठेवा (मी पहिल्यांदा विसरले). तार उभी धरायची, टोक खाली, ज्योत खालून. एक टोक आधी, मग कड्या ओवायच्या, मग दुसरं टोक, आणि इथे कड्या बिचाऱ्या वरच्या टोकाला ढकललेल्या असूनही घसरून खाली आल्या आणि एक चिकटली, शिवाय चांदी उष्णता पटापट वर वाहून नेते. नंतर ओल्या चिंधीची पट्टी मध्ये गुंडाळली, कड्या तिच्यावरच्या बाजूला, मग जमलं. मणी गुळगुळीत येत नाही, ९२५ मध्ये तांबं असल्यामुळे वर सुरकुत्या पडतात, मनुक्यासारखा दिसतो. कानस, मग ४०० पासून १२०० पर्यंत पॉलिशपेपर, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रश. रिठ्याला अजून मला तोड सापडलेली नाही.

मध्ये एक फजिती, ॲसिडच्या पाण्यातून वाळा घाईत लोखंडी चिमट्याने काढला आणि सगळा गुलाबी. पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडामुळे चांदीवर बसतं. ताज्या ॲसिडमध्ये थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून गेलं, पण चिमटा लाकडी किंवा तांब्याचाच ठेवा.

कड्यांचं भोक आधी ३.८ मिमी केलं होतं. माझ्या मनगटाजवळ वाळा फिरवून बघितला तर तार आणि कडीमध्ये हाताचा केस अडकून ओढला गेला. ४.२ केलं, आता बोटांमधल्या मऊ कातडीवरही चिमटा बसत नाही. आवाज घुंगरासारखा छुमछुम नाही, किणकिण आहे, स्टीलच्या डब्यात दोन नाणी हलवल्यासारखी. काकूंनी कानाशी धरून वाजवला आणि म्हणाल्या, "बरा आहे, पण दोन्ही पायांत आल्यावर बघू." ताईचा नियम वेगळाच, झोपताना काढायचा, आणि ते मलाही पटतं.

एक राहिलंच, मागे कुणीतरी विचारलं होतं की सरावासाठी जर्मन सिल्व्हर चालेल का. स्वतःच्या सरावाला चालेल, बाळाला नाही. त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल, जस्त असतं, आणि निकेलने पुरळ उठते.

संक्रांतीला नऊ दिवस आहेत. हलव्याचे दागिने आई करतेय, तिचं एक बरं आहे, बिघडलेलं खाता येतं. दुसऱ्या वाळ्याचा एक मणी झालाय, ४.८ मिमी, पहिल्याचा ५.१. डोळ्याला कळतं. परत वितळवला तर लांबी कमी होते, आणि कानसून पहिलाच लहान केला तर कडी निघण्याची भीती, भोक ४.२ आहे हे विसरून चालणार नाही. कुणी दोन मणी सारख्या मापाचे करण्यासाठी आधी टोकं वजन करून, मार्करने खूण करून बघितलंय का? रविवारी सकाळी ज्योत पेटवणार आहे, त्याआधी सांगा.